ॲम्नेस्टीचे मुख्यालय लंडनबाहेर का पांगले?

देशोदेशीच्या कैद्यांच्या सुटकेसाठी लोकांकडून पत्रे लिहवून घेणारी मानवी हक्क संघटना म्हणजे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल. तिच्या कर्मचारी फेररचनेची गोष्ट मी १९६१ पासून सांगतो, कारण तिचे एक मूळ आम्हा गोवेकरांच्या ओळखीचे आहे. पोर्तुगालमध्ये दोन विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या नावाने पेले उंचावल्याबद्दल तुरुंगात टाकले, ही बातमी वाचून आपण पेटून उठलो, असे संस्थापक पीटर बेनेन्सन सांगत. त्या बातमीचा पुरावा अभ्यासकांना पुढे सापडला नाही. पण २८ मे १९६१ च्या 'ऑब्झर्व्हर'मधल्या त्यांच्या लेखात ज्या सहा कैद्यांची कहाणी होती, त्यांत पोर्तुगिजांनी डांबलेले अंगोलाचे आगुस्तिन्यू नेटो होते. त्या दिवशी गोव्यावरही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचेच राज्य होते. गोवा मुक्तीचे नेते टी. बी. कुन्हांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशेच्या किल्ल्यात नेले होते. सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला आलेले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, ते १९६९ मध्ये सुटले. दूर कुणीतरी आपल्या माणसासाठी पत्र लिहिते आहे, याचे मोल आम्हाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही पत्रे लिहिणारी माणसे देशोदेशी पसरली. संशोधन आणि निर्णय मात्र लंडनच्या सचिवालयातच राहिले. १९७७ च्या नोबेलनंतर पसारा वाढला, तशी ही विसंगती अधिक बोचू लागली. २०१० मध्ये सलील शेट्टी सरचिटणीस झाले. त्याआधी त्यांनी ॲक्शनएड ही गरिबीविरुद्ध काम करणारी संस्था सांभाळली होती, आणि तिने २००४ च्या सुमारास आपले मुख्यालय जोहान्सबर्गला नेले होते. शेट्टींच्या काळात ॲम्नेस्टीनेही नैरोबी, डाकार, जोहान्सबर्ग, हाँगकाँग, मेक्सिको सिटी अशी प्रादेशिक कार्यालये उभी केली. ज्या देशाबद्दल लिहायचे त्याच्या जवळ बसून लिहावे, हा विचार मला आजही पटतो. लिस्बनहून सुटणारे हुकूम झेललेल्या प्रदेशाला तो पटणारच.

पण वर्षानुवर्षे लंडनमध्ये काम केलेल्या संशोधकांपुढे पर्याय होता तो दुसऱ्या खंडात घर हलवण्याचा किंवा नोकरी सोडण्याचा. २०१२ च्या अखेरीस ते संपावर गेले. दुखणे तिथे संपले नाही. मे २०१८ मध्ये पॅरिस कार्यालयातल्या, तीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्या एका संशोधकाने आत्महत्या केली आणि चिठ्ठीत कामाच्या ताणाबद्दल लिहिले. त्यानंतर संस्थेनेच बाहेरच्या तज्ज्ञांकडून पाहणी करून घेतली. २०१९ च्या आरंभी अहवाल आला. त्यात ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी कामामुळेच आपल्याला शारीरिक वा मानसिक आजार जडल्याचे नोंदवले होते. तुरुंगातल्या अनोळखी माणसासाठी रात्री जागणारी ही माणसे. त्यांची विचारपूस करणारे शेजारच्या टेबलावर कुणी नसावे, हे वाचताना मला फार लागले.

त्याच वर्षी १ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतची तूट समोर आली आणि सुमारे १०० पदे कमी करायचे ठरले. वरिष्ठ व्यवस्थापनातल्या सातही जणांनी राजीनामे देऊ केले. शेट्टींच्या जागी आलेले कुमी नायडू डिसेंबर २०१९ मध्ये प्रकृतीच्या कारणाने पायउतार झाले.

जवळ जाण्यात जोखीम होती, तीही लवकरच दिसली. सप्टेंबर २०२० मध्ये बँक खाती गोठवल्यामुळे ॲम्नेस्टीच्या भारतातल्या शाखेने काम थांबवले. पुढच्या वर्षी चीनने हाँगकाँगवर लादलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यामुळे तिथली स्थानिक आणि प्रादेशिक अशी दोन्ही कार्यालये बंद करण्याचा निर्णय झाला, आणि तिथले प्रादेशिक काम आशियातल्या इतर कार्यालयांकडे सोपवण्यात आले.