अवकाश-शिदोरी

अवकाश-शिदोरी : विज्ञानकथेतला यात्री, सैनिक किंवा परग्रहावर अडकलेला माणूस जवळ बाळगतो ते तयार, टिकाऊ आणि चुलीवाचून खाता येणारे अन्न. अनुवादित कथांमध्ये याला सर्रास ‘रेशन’ म्हटलेले आढळते. ठाण्याच्या वाचकाला रेशन म्हटले की दुकान, रांग आणि शिधापत्रिका आठवते, आणि ते बरोबरच आहे. शिधा म्हणजे डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, तेल. शिधा हातात आला तरी चूल मांडावी लागते. शिदोरी मात्र कोणीतरी करून, बांधून दिलेली असते. गाठ सोडली की जेवण सुरू. यानात चूल नसते. म्हणून या नोंदीत शिदोरी हाच शब्द वापरला आहे.

विज्ञानकथेतली सर्वांत ओळखीची शिदोरी म्हणजे गोळी. एक गोळी गिळायची आणि दिवसभराचे जेवण आटोपले. या कल्पनेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा आधार मिळाला तो एका खऱ्या शास्त्रज्ञाकडून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बर्थेलो यांनी १८९४ मध्ये केलेल्या भाषणात इसवी सन २००० चे चित्र रंगवले होते : प्रत्येकाच्या खिशात पोषणासाठी नत्रयुक्त पदार्थाची एक वडी, स्निग्ध पदार्थाचा छोटा गोळा, पिष्टाचा किंवा साखरेचा तुकडा आणि चवीसाठी सुगंधी मसाल्यांची एक कुपी. पुढच्या लेखकांनी यातली वडी तेवढी उचलली, कुपी विसरली गेली. पुढे जे घडले ते पाहता कुपीच जपायला हवी होती.

गोळीचे गणित कधीच जमणारे नव्हते. माणसाला दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी लागतात. आपल्या आहारात सर्वांत दाट ऊर्जा स्निग्ध पदार्थात असते, ग्रॅमला ९ किलोकॅलरी. म्हणजे निव्वळ तूप पिऊन राहायचे ठरवले तरी दिवसाला २२० ग्रॅमच्या वर लागेल, पाण्याचा पेला जवळजवळ काठोकाठ भरेल इतके. अर्ध्या ग्रॅमच्या गोळ्या वळल्या तर त्या सव्वाचारशेहून अधिक होतील. विज्ञान कितीही पुढे गेले तरी हा आकडा हटत नाही, कारण तो रेणूंतल्या बंधांचा आहे. ज्या कथेत नायक एका गोळीवर आठवडा काढतो, तिथे लेखकाने विज्ञान सोडून जादू पत्करली आहे असे समजावे.

नळीतले अन्न मात्र खरोखर घडले. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी आपल्या १०८ मिनिटांच्या उड्डाणात नळ्या पिळून मांसाचा लगदा आणि चॉकलेटचे सार खाल्ले. अवकाशात गिळता येते की नाही, हेच तेव्हा तपासायचे होते. ते सिद्ध झाल्यावर नळीचे महत्त्व उतरले, पण चित्रांत आणि कथांत ती पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिली.

आता वाळवण. अन्नातले पाणी काढले की वजन घटते, जिवाणूंना वाढायला वाव उरत नाही, आणि खाताना पाणी परत घातले की झाले. हे आपल्याकडे कोणी शिकवायला नको. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत खाडीकाठच्या कोळी घरांत बोंबील आणि जवळा सुकवून पावसाळ्याची सोय होत आली आहे. पोहे, कुरड्या, सांडगे हे त्याच विद्येचे घाटावरचे आणि कोकणातले अवतार. या घराण्यातली अवकाशाला सर्वांत जवळची वस्तू म्हणजे सातूचे पीठ. गहू आणि डाळं भाजून दळलेले असल्यामुळे ते आधीच शिजलेले असते. गूळ आणि गार पाणी घालून कालवले की तयार. विस्तव नाही, भांडे एक, हात एक.

पण वाळवलेल्या शिदोरीत एक प्रश्न दडलेला असतो आणि बहुतेक कथा तो विचारतच नाहीत : पाणी कुठले? अपोलो यानांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण होत असे आणि त्या क्रियेत पाणी आपोआप मिळे, म्हणून गोठवून वाळवलेले अन्न तिथे अगदी चपखल बसले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सौर पत्र्यांवर चालते. तिथे पाणी असे फुकट मिळत नाही. घाम, उच्छ्‌वासातली वाफ आणि मूत्र गाळून ते परत मिळवावे लागते. पाणी बाहेरूनच न्यायचे असेल तर अन्न वाळवून वजन वाचवण्यात अर्थ उरत नाही, कारण काढलेले पाणी वेगळ्या टाकीतून बरोबर येतेच. ज्या लेखकाला आपल्या यानातले पाणी कुठून येते हे ठाऊक आहे, त्याची शिदोरी खरी वाटते. हा निकष मी कथा वाचताना नेहमी लावतो आणि तो सहसा फसवत नाही.

भाकरी की पोळी, हा वाद अवकाशात निकालात निघाला आहे. २३ मार्च १९६५ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-३ यानात अंतराळवीर जॉन यंग यांनी खिशातून लपवून नेलेले सँडविच बाहेर काढले. दोन-चार घासांतच पावाचे कण सुटू लागले आणि ते परत खिशात गेले. गुरुत्वाकर्षण जाणवत नसलेल्या जागी कण खाली बसत नाही. तो डोळ्यांत जातो, श्वासात जातो, उपकरणाच्या फटीत शिरतो. या सँडविचवरून पुढे अमेरिकी लोकप्रतिनिधींनी जाब विचारला. १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांच्याबरोबर टॉर्टिया अवकाशात गेली आणि पावाची जागा तिने कायमची घेतली. टॉर्टिया म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहिले तर पोळीच : चपटी, लवचीक, कण न सोडणारी, गुंडाळी करून एका हातात धरता येणारी. ज्वारीची भाकरी तिथे चालणार नाही, ती मोडताना भुगा होतोच.

पोळीतही दशमी अधिक योग्य ठरेल असे वाटते. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात. सोवळे पाळणाऱ्या घरांत ती प्रवासात चालायची, आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने निघताना आमच्याकडे दशम्यांची चळत आधी पूर्ण गार होऊ देत, मग धुतलेल्या पंच्यात गुंडाळत. गरम गुंडाळली की आत घाम धरतो आणि बुरशी येते, हे आजीचे पक्के सांगणे. अन्न टिकवण्याच्या शास्त्रातला पाण्याचा सगळा धडा त्या एका वाक्यात आहे.

चव हा या विषयाचा गाभा आहे, आणि इथेच बर्थेलोंची कुपी परत येते. वजनरहित अवस्थेत अंगातले द्रव वरच्या बाजूला सरकतात, चेहरा सुजतो, नाक चोंदते. सर्दी झालेल्याला जेवण जसे पाणचट लागते तसे अनेक अंतराळवीरांना लागते, आणि ते तिखट मागतात. पण कोरडी मिरपूड भुरभुरता येत नाही, ती हवेत तरंगते. म्हणून अवकाश स्थानकात मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात कालवून बाटलीतून देतात. भाकरीवर लसणाची चटणी घेऊन तिच्यात तेलाची धार सोडणाऱ्या माणसाला हे नवीन वाटणार नाही.

तेलात कालवण्याआधी मसाला निर्जंतुक असावा लागतो. उघड्यावर वाळलेल्या मिरचीत, धन्यात, हळदीत माती आणि जिवाणू असतातच. एप्रिल-मेमध्ये वाशीच्या मसाला बाजारात गेले की वर्षाच्या मसाल्याची खरेदी चाललेली दिसते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. पोत्याची शिवण उसवली की पलीकडच्या गाळ्यातला माणूस शिंकतो. मिरची उन्हात कडकडीत करून, भाजून, डंकावर कुटून बरणीत दाबतात आणि वर हिंगाचे खडे ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. त्याच वाशीत विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा प्रकल्प आहे. अणुऊर्जा विभागाच्या या मंडळाने २००० साली तिथे मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया सुरू केली. कोबाल्ट-६० हा किरणांचा उगम. काम नसेल तेव्हा तो खोल पाण्याखाली ठेवतात. वर काढला की बंद खोक्यांतला माल त्याच्याभोवती फिरवला जातो. किरण खोक्याआरपार जाऊन जिवाणू, बुरशी आणि किडीची अंडी मारतात. मसाला तापत नाही, त्यामुळे वासाची तेले उडून जात नाहीत, आणि अन्न किरणोत्सारी होत नाही. मसाल्यांसाठी ६ ते १४ किलोग्रे मात्रा वापरतात (ग्रे हे पदार्थात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक). नासा आपल्या अंतराळवीरांचे मांस याच पद्धतीने पूर्ण निर्जंतुक करते, तिथे किमान मात्रा ४४ किलोग्रे ठेवलेली आहे. हिंगाचा खडा आणि कोबाल्टची कांडी एकाच उपनगरात एकच काम करत आहेत. अवकाश-शिदोरीवर मराठीत लिहू पाहणाऱ्याने वाशी स्थानकावर उतरून हे दोन्ही पत्ते डोळ्यांखालून घालावेत, अशी माझी मनापासून शिफारस आहे.

लांबच्या प्रवासात जीवनसत्त्वांचा ऱ्हास ही वेगळी अडचण आहे. मंगळाची ये-जा सुमारे ३ वर्षांची, आणि साठवणीत ‘क’ व ‘ब-१’ ही जीवनसत्त्वे हळूहळू कमी होत जातात. तेच तेच खाऊन माणसे कमी जेवू लागतात, वजन घटते. पोट भरणारी पण नकोशी शिदोरी ही अपुरीच शिदोरी.

भारतीय शिदोरी अवकाशात प्रथम गेली ती एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा यांच्याबरोबर सॅल्यूत-७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने ती तयार केली होती. शिरा, आलू-छोले आणि भाज्यांचा पुलाव तिच्यात होता. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अवकाश स्थानकावर गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला. आमरस तिथे पोहोचला त्या सुमारास ठाण्यातल्या बाजारातून हापूस उठला होता.

मराठी विज्ञानकथा मोठ्या प्रमाणावर दिवाळी अंकांतून वाचली गेली. अंक हातात आणि शेजारी चिवडा-चकलीचे ताट, अशी ती वाचनाची बैठक. तरीही त्या कथांतले आपले यात्री बहुधा गोळ्याच गिळतात. शंकरपाळे, कडबोळी, बेसनलाडू हे सगळे कमी पाण्याचे, स्निग्ध, आठवडेच्या आठवडे टिकणारे खाणे. यानासाठी वेगळे काही शोधायला नको इतके तयार. फक्त चकली एका घासात मावेल एवढी छोटी करावी लागेल, जिलेटिनचा पातळ थर दिलेले एका घासाचे चौकोन १९६० च्या दशकात करत तसे.

शिदोरी सोडतात कशी, हेही कथेने दाखवायला हवे. गोपाळकाल्याची मूळ गोष्ट शिदोऱ्यांचीच आहे : गोपाळांनी आपापल्या घरून बांधून आणलेले एकत्र कालवले, कोणाचे दही, कोणाचे पोहे, कोणाचे लोणचे, आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले. ठाण्यात दहीहंडीचे थर पाहायला गर्दी लोटते, पण कालवलेल्या पोह्यांचा तो द्रोण हातात आला तरच काला पूर्ण होतो. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयूझ ही याने कक्षेत एकमेकांना जोडली गेली. सोयूझमधल्या अलेक्सेई लिओनोव यांनी अमेरिकी पाहुण्यांपुढे नळ्या ठेवल्या, त्यांवर व्होडकाची नावे चिकटवली होती. पाहुणे बिचकले. लिओनोव यांनी आग्रह केला, परंपराच तशी आहे म्हणाले. नळ्या पिळल्या तेव्हा आत बीटचे सूप निघाले, आणि ते सगळ्यांनी मिळून संपवले.