ख्रिस आणि सेप्टिमस: शेल शॉक एकच, दुखणं निराळं

पहिल्या महायुद्धावरच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय निघाला की रिबेका वेस्टच्या 'द रिटर्न ऑफ द सोल्जर' (१९१८) मधला ख्रिस आणि व्हर्जिनिया वूल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मधला सेप्टिमस हमखास एकाच माळेत ओवले जातात. दोघांनाही 'शेल शॉक', म्हणजे युद्धातून आलेलं मनाचं दुखणं. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वापरलेला हा शब्द फारच ऐसपैस होता. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते असा आधी समज होता. पुढे गोळ्याच्या आसपासही नसलेले सैनिक तीच लक्षणं घेऊन येऊ लागले.

ख्रिसचं दुखणं विसरण्याचं. मधली पंधरा वर्षं पुसली गेली आहेत. बायको किटी त्याला परकी वाटते, जीव अडकलाय तरुणपणीच्या मार्गारेटमध्ये. आणि हा आजारच त्याला सांभाळतो, कारण आठवेपर्यंत आघाडीवर जाणं नाही. त्याला फक्त चारचौघांसारखं करता येईल, सुखी नाही, हे डॉक्टरही कबूल करतात. शेवटी मार्गारेट त्याच्या मेलेल्या मुलाचा स्वेटर आणि चेंडू त्याच्यापुढे नेते. हिरवळीवरून परतताना त्याची टाच जमिनीवर कडक पडते, सैनिकाची. किटी खूश होते: बरा झाला! मला हा प्रसंग प्रत्येक वेळी जड जातो.

सेप्टिमस काही विसरलेला नाही. युद्ध संपता संपता इटलीत त्याचा मित्र इव्हान्स मारला गेला, तेव्हा आपल्याला फारसं काही वाटलं नाही याचं त्याला समाधानच वाटलं होतं. तीच बधिरता त्याला आतून खाते. १९२३ च्या लंडनमध्ये, रीजंट्स पार्कात, त्याला मेलेला इव्हान्स दिसतो, पक्षी ग्रीक भाषेत गाताना ऐकू येतात. (१९०४ च्या आजारपणात आपणही असे पक्षी ऐकल्याचं वूल्फने लिहून ठेवलंय.) युद्ध संपून पाच वर्षं होत आली, त्यामुळे त्याच्या आजाराला आडोसा नाही. डॉक्टर होम्स म्हणतात, काहीही झालेलं नाही. सर विल्यम ब्रॅडशॉ दोन-तीन मिनिटांत दुखणं गंभीर आहे हे ओळखतात, पण त्याला 'प्रमाणबुद्धीचा अभाव' म्हणतात आणि बायकोपासून दूर, खेड्यातल्या आरोग्यगृहात पाठवायचं ठरवतात.

त्याच संध्याकाळी सेप्टिमस बायकोला, रेझियाला, टोपीवर फुलं आणि रिबिनी मांडून देतो. कितीतरी दिवसांनी दोघं हसतात. तेवढ्यात जिन्यावर होम्सची पावलं वाजतात, आणि तो खिडकीकडे वळतो.