पाय दुखतो, मग सुई कण्यात का?

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून उतरत पोटरीत आणि तिथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. खोकलं तरी जीव जातो. पायाचा एक्स-रे काढला तर त्यात काहीच सापडत नाही, कारण दुखण्याचं मूळ मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळाशी असतं. म्हणूनच स्टेरॉइडचं इंजेक्शन पायात नाही, कण्यात देतात.

‘गादी (दोन मणक्यांमधली चकती) सरकली, नस दबली’ असं आपण म्हणतो. मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी 1934 मध्ये गादीचा आणि या दुखण्याचा संबंध ठळकपणे मांडला. पण नुसत्या दाबाने सगळं उलगडत नाही. 1993 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी डुकरांच्या नसेच्या मुळांवर गादीतला मऊ गर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही. तरीही नसांचं काम मंदावलं. म्हणजे हा गरच नसेला चिडवतो, सुजवतो. इंजेक्शनचा सगळा आधार इथेच आहे: स्टेरॉइड गादी जागेवर बसवत नाही, सूज उतरवतं.

रुग्णाला पालथं झोपवतात, कातडी बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत नेतात. आधी एक्स-रेत दिसणारा थोडा रंग सोडून ती रक्तवाहिनीत शिरलेली नाही ना, हे पाहतात. ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. असंच इंजेक्शन मानेत देताना कणयुक्त (न विरघळणारे बारीक कण असलेलं) स्टेरॉइड चुकून धमनीत गेलं तर पक्षाघातही होऊ शकतो. असं फार क्वचित घडतं; पण म्हणूनच तिथे बरेच डॉक्टर डेक्सामेथासोनसारखं विरघळणारं औषध पसंत करतात.

सोबतच्या बधिर करणाऱ्या औषधाने काही मिनिटांत बरं वाटतं, पण काही तासांत ते ओसरतं आणि कळ परत येते. इथे अनेकांचा धीर सुटतो. स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात, हे आधीच सांगायला हवं. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, तिच्यावर लक्ष ठेवावं.

आराम मिळाला तरी तो बहुधा काही आठवडे किंवा काही महिन्यांचा, आणि सगळ्यांना मिळतोच असं नाही. तरी तेवढा वेळ फुकट जात नाही. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच विरघळवून टाकतं, आणि कळ कमी असली की व्यायामही जमतो.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर इंजेक्शनची वाट बघू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.