‘मालकाच्या जोखमीवर’: मालवाहतूकदाराच्या विम्याची पार्श्वभूमी

बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टर माल घेताना देतो त्या पावतीच्या, एका कोपऱ्यात, बहुतेकदा शिक्क्याने, तीन शब्द उमटवलेले असतात: ‘ॲट ओनर्स रिस्क’. या तीन शब्दांवर भारतातल्या ट्रान्सपोर्टरांच्या दोन-तीन पिढ्या निर्धास्त राहिल्या. माल मालकाच्या जोखमीवर चालला आहे, मालकाने विमा काढला आहे, मग गाडी उलटली काय किंवा पेटली काय, भरपाई विमा कंपनी देईल आणि आपण सुटलो, असा तो हिशेब होता. कायद्याने मात्र तो कधीच मान्य केलेला नाही. मालाच्या नुकसानीची वाहतूकदारावर येणारी कायदेशीर जबाबदारी उचलणारी ‘कॅरिअर्स लीगल लायबिलिटी’ नावाची पॉलिसी आज माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्या कंत्राटाआधीच मागतात. तिची गरज का पडली हे समजायचे तर या शिक्क्यापासूनच सुरुवात करावी लागते.

जोखीम कोणाची, हा प्रश्न तसा जुनाच. आपल्याकडच्या जोखमी हुंडीत त्याचे उत्तर हुंडीतच लिहिलेले असे: माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागते, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज, वाहतूक आणि विमा एकाच कागदात. पुढे तिन्ही वेगळे झाले, आणि वाहतूकदाराच्या वाट्याला इंग्रजी कायद्यातली एक कडक कल्पना आली. १७८५ साली इंग्लंडमधल्या एका निकालात असे ठरले की, सर्वांचा माल भाड्याने नेणारा वाहतूकदार हा एक प्रकारे त्या मालाचा विमेदारच असतो. दैवी आपत्ती किंवा राजाच्या शत्रूचे कृत्य सोडले, तर चूक नसली तरी भरपाई त्याच्याच माथी.

१८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट याच कल्पनेवर उभा होता. सोने-चांदी, रेशीम अशा यादीतल्या मौल्यवान वस्तू शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या असतील आणि ते आधी सांगितले नसेल, तर वाहतूकदार सुटत असे. उरलेल्या मालासाठी त्याला लेखी करार करून जबाबदारी मर्यादित करता येई. पण खरी मेख पुढच्या कलमांत होती. निष्काळजीपणातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी कराराने झटकता येत नव्हती, आणि दावा लावणाऱ्याने निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरजही नव्हती. माल पोहोचला नाही एवढे दाखवले की पुरे, बाकी खुलासा वाहतूकदाराने करायचा. बैलगाडीच्या काळातला हा कायदा २०११ पर्यंत चालला, शंभर रुपयांच्या मर्यादेसकट.

मालाच्या विम्याला मात्र नाव मिळाले ‘मरीन’. ज्या ट्रकने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, त्यातल्या मालाची पॉलिसी मरीन का, हा प्रश्न या धंद्यात नवा आलेला प्रत्येक जण विचारतो. याचे कारण १९३८ च्या विमा कायद्याच्या व्याख्येत आहे: जमिनीवरून, पाण्यावरून किंवा दोन्हींवरून होणाऱ्या प्रवासातला माल तिने मरीनमध्येच घातला. नावाची ही गंमत निरुपद्रवी नाही. मरीनच्या कलमांत एक वाक्य ठरलेले असते: या विम्याचा लाभ वाहतूकदाराला मिळणार नाही. मालकाने भरलेल्या हप्त्यावर आपण सुरक्षित आहोत असे मानणाऱ्या ट्रान्सपोर्टरने ते वाक्य वाचलेले नसते. तो का वाचेल? पॉलिसी त्याची नाहीच.

मोटर विम्याची कथा वेगळी आहे आणि सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९४६ पासून थर्ड पार्टी, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीची झाली, १९७३ पासून सामान्य विमा सरकारी झाला, १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या परतल्या. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाले, पण थर्ड पार्टीचे दर ठरवून दिलेलेच राहिले. त्या दरात ट्रक परवडत नाही म्हणून कंपन्या तोंड फिरवू लागल्या, तेव्हा व्यावसायिक गाड्यांच्या थर्ड पार्टीचा बोजा सर्व कंपन्यांत वाटण्यासाठी २००७ मध्ये सामायिक पूल उभारला गेला आणि २०१२ मध्ये मोडलाही. ट्रान्सपोर्टरांचे लक्ष त्या काळात याच हप्त्यांवर खिळले होते. धोका दुसऱ्याच दाराने येत होता.

त्या दाराचे नाव सब्रोगेशन. मालकाला भरपाई दिली की विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहते आणि नुकसान ज्याच्यामुळे झाले त्याच्याकडून वसुली करू शकते. म्हणून क्लेम देताना ती मालकाकडून एका पत्रावर सही घेते. हे पत्र नक्की काय आहे, यावरून दहा वर्षे घोळ चालला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अशा पत्राला हक्कांची थेट विक्री मानले. हक्क विकले गेले, विकत घेणारी विमा कंपनी काही वाहतूकदाराची ग्राहक नव्हे, म्हणून ग्राहक मंचात तिची तक्रार चालणार नाही. ट्रान्सपोर्टरांना हे मोठे संरक्षण वाटले. ते फार तर अर्धे होते. त्याच वर्षीच्या आणखी दोन निकालांनी दुसऱ्या बाजूने पकड घट्ट केली होती: निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसल्याचा नियम ग्राहक मंचातही लागू, आणि ‘ओनर्स रिस्क’ लिहिले तरी निष्काळजीपणाची जबाबदारी कायम.

फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पत्राचा प्रश्न निकाली काढला. त्याने तीन प्रकार वेगळे केले: पैसे दिल्यामुळे आपोआप मिळणारे सब्रोगेशन, लेखी कराराने ठरवलेले सब्रोगेशन, आणि सब्रोगेशनसोबत हक्कांतरणही करणारे पत्र. शेवटच्या प्रकारच्या पत्राला निव्वळ हक्कविक्री समजणे चूक, असे पीठाने म्हटले. मालकाच्या नावाने किंवा मालकासोबत विमा कंपनी तक्रार करू शकते. एकट्या कंपनीला ग्राहक मंचात जाता येणार नाही, एवढाच भाग जुन्या निकालातून उरला. कायद्याच्या दृष्टीने मांडणी स्वच्छ आहे. तरी माझ्या मते तिचा भार कोणावर पडला हे लपत नाही. हप्ता घेऊन जोखीम उचलणारी कंपनी नुकसान भाडे घेणाऱ्यावर ढकलू शकते, आणि त्या भाड्यात जोखमीचा पैसा कधी धरलेलाच नसतो. ट्रान्सपोर्टरला दिलासा मिळाला तो वेगळ्याच वाटेने. ग्राहक कायद्यातल्या दुरुस्तीमुळे मार्च २००३ पासून व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ‘ग्राहका’च्या व्याख्येबाहेर गेली होती. त्यामुळे नंतरचे बहुतेक दावे दिवाणी न्यायालयात गेले, जिथे ते सावकाश चालतात.

२००७ चा रस्तामार्गे वाहतुकीचा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि १८६५ चा कायदा गेला. नव्या नियमांनी भरपाईला कमाल मर्यादा घातली: भाड्याच्या दहापट. पंधरा लाखांचा माल वीस हजार भाड्याने गेला, तर मर्यादा दोन लाख. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर देण्याचे लेखी कबूल केले असेल तरच ती उठते. नोटिशीची मुदतही बदलली. आधी नुकसान कळल्यापासून सहा महिने होते, आता बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस. म्हणूनच हल्ली नुकसान तपासणारा सर्व्हेअर येण्याआधीच विमा कंपनी मालकाला विचारते, ट्रान्सपोर्टरवर रकमेचा लेखी दावा लावला का? लावला नसेल तर क्लेममधून पैसे कापले जातात. ट्रान्सपोर्टरला ते पत्र शत्रुत्वाचे वाटते. मालकाला ते पाठवणे भागच असते.

याच कायद्याने ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, ब्रोकर आणि कुरिअर यांनाही ओढले. स्वतःची एकही गाडी नसलेली लॉजिस्टिक्स कंपनी त्यामुळे थेट जबाबदार ठरली, आणि लायबिलिटी पॉलिसीला खरी मागणी तिथून आली. मोठ्या लॉजिस्टिक्स कंपन्या मालमालकाच्या विमा कंपनीकडून सब्रोगेशनचा हक्क सोडल्याचे लिहूनही घेतात. लहानांना ते जमत नाही. बिल्टी बुकिंग कंपनीची असते, गाडी बाजारातून उचललेली असते, आणि मालाची भरपाई द्यावी लागली की बुकिंग कंपनी ती रक्कम गाडीमालकाच्या भाड्यातून कापते. त्याच्याकडे असते फक्त मोटर पॉलिसी, आणि गाडीत भरलेला माल तिच्या थर्ड पार्टी संरक्षणातून आधीच वगळलेला असतो.