एसटीच्या चालक-वाहकाला मारहाण: कोणते कलम लागते, कोणते कागद लागतात

सुट्ट्या पैशांवरून वाहकाच्या कानाखाली बसते, तो ठाण्यात जातो आणि एनसीची पावती घेऊन परत येतो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पुष्कळ वेळा गुन्हा गंभीर असतो, पण फिर्याद कच्ची असते.

आधी कलमाचा घोळ. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तरीही ‘३५३ लावा’ असेच सगळे म्हणतात. नव्या संहितेत ३५३ हे अफवा आणि खोटी विधाने पसरवण्याचे कलम आहे. तुमचे कलम आता १३२: कामावरच्या लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर. हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत. जुन्या ३५३ मध्ये महाराष्ट्रापुरती ती ५ वर्षे केली होती, म्हणून तो आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. तो १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांनाच लागू होतो.

दुखापत झाली असेल तर कलम १२१ पाहा. साध्या दुखापतीला ५ वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान १ आणि कमाल १० वर्षे. हाड मोडणे, दात पडणे किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहणे हे गंभीर धरतात. पहिल्या दिवशी नुसती सूज दिसते आणि चार दिवसांनी एक्स-रेत फ्रॅक्चर निघते, तेव्हा तो अहवाल लगेच तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. न दिल्यास कलम साधेच राहते.

‘एसटीवाला कुठला लोकसेवक?’ असे ठाण्यात विचारले गेले तर उत्तर तयार ठेवा: मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम १९५०, कलम ४३. महामंडळाचे कर्मचारी काम करताना लोकसेवक मानले जातात. खरी अडचण भाडेतत्त्वावरच्या गाडीच्या खासगी चालकाची आहे. तो ठेकेदाराच्या पगारावर असल्याने बचाव पक्ष नेमका तिथेच बोट ठेवतो. त्याच्या फिर्यादीला ठेकेदाराचे नियुक्तीपत्र आणि आगाराने त्या फेरीवर नेमल्याची नोंद जोडाच.

आता फिर्यादीची भाषा. ‘वाद झाला, शिवीगाळ व धक्काबुक्की केली’ एवढ्यावर काही उभे राहत नाही. नुसत्या शिवीगाळीला १३२ लागत नाही. हात उगारला किंवा बळ वापरले आणि ते कामामुळे वापरले, हे दोन्ही फिर्यादीत दिसले पाहिजे. असे लिहा: ‘अमुक फेरीवर सकाळी ९.१० वाजता तिकिटे देत असताना मी पैसे मागितले म्हणून त्याने कॉलर धरून डाव्या गालावर चापट मारली, तिकीट मशीन हिसकावले, गाडी २५ मिनिटे उभी राहिली.’ ड्युटी संपल्यावर डूख धरून स्टँडबाहेर मारले तरी १२१ लागू शकते, पण सकाळच्या कोणत्या कामाचा राग होता ते लिहिलेले हवे. कलमाचा आकडा घालणे पोलिसांचे काम आहे, तुम्ही घटना नीट सांगा.

सोबत ओळखपत्र, त्या दिवसाचा ड्युटी चार्ट, वेबिल (वाहकाच्या तिकीट विक्रीचा हिशेब) आणि आगार व्यवस्थापकाचे पत्र. फाटलेला गणवेश धुऊ-शिवू नका, तो पंचनाम्यात जप्त होऊ द्या. काच फोडली असेल तर नुकसानीचा अंदाज आगाराकडून घ्या, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक अधिनियम १९८४ खाली ५ वर्षांपर्यंतची शिक्षा असलेले कलमही लावता येते. ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी पोलिसांचे रुग्णालयाला पत्र) घेऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रक्त वाहत असेल तर आधी दवाखाना, यादी नंतर.

सगळ्यात जास्त अडते ते व्हिडिओपाशी. क्लिप सगळ्यांच्या मोबाईलवर असते, ती न्यायालयात पुरावा म्हणून द्यायला लागणारे प्रमाणपत्र कोणाकडेच नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ क्लिप सादर करणाऱ्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत ही मूळ फाइल नव्हे. ज्याने शूटिंग केले त्याचा नंबर गाडी पुढच्या थांब्यावर पोहोचण्याआधी घ्या. स्टँडवरचे सीसीटीव्ही ठरावीक दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे ‘चित्रण जपून ठेवा’ असे पत्र त्याच दिवशी द्या.

‘२४ तासांत आला नाहीत’ म्हणून परत पाठवले तर ऐकू नका. असा नियम नाही, मात्र उशिराचे कारण फिर्यादीत लिहा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन कळवल्यास ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि नेमके इथेच बरेच जण चुकतात. १२१ च्या साध्या दुखापतीत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. १३२ साठी ती सबब चालत नाही. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका.

आणि आगारात चहावर झालेल्या ‘समझोत्या’ने गुन्हा मिटत नाही. १३२ आणि १२१ आपसात मिटवता येणारे गुन्हे नाहीत, ते रद्द करायचे तर उच्च न्यायालयातच जावे लागते. दबावाखाली कोऱ्या कागदावर सही करू नका.