डिजिटल सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही
यावल-रावेरकडे अजून सांगतात की पीककर्जाला नेटवरचा सातबारा चालतच नाही, तलाठी आप्पांचा सही-शिक्का पाहिजे. भाऊ, हे चूक आहे. घोळ असा होतो की सरकारच्या भूलेख साईटवर फुकट दिसतो तो सातबारा फक्त माहितीसाठी, लोक त्याचीच प्रिंट बँकेत नेतात, ती परत येते आणि मग नेटचं सगळंच बाद असं गावभर होतं. १५ रुपये भरून सरकारच्याच महाभूमी साईटवरून काढलेला वेगळा, त्याच्यावरच छापलेलं असतं की डिजिटल सही आहे, शिक्क्याची गरज नाही. २००० च्या आयटी कायद्यात या सहीला मान्यता आहे. शेतातलं काम टाकून शिक्क्यासाठी चकरा मारायला लावणं मला अजिबात पटत नाही. कोणी अडवलंच तर त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक साईटवर टाकून बघा म्हणावं, उतारा तिथेच समोर उघडतो.