व्हॅनिलाने लावलेला चुना

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मित्राच्या गच्चीवर मी आयुष्यातली पहिली सिगार ओठांत धरली. दुबईहून आलेली, व्हॅनिलाच्या वासाची. टोकाला जीभ लागली तर गोड. 'धूर आत ओढायचा नाही, नुसता तोंडात घोळवून सोडायचा,' असं मित्राने बजावलं होतं. धूर छातीत गेलाच नाही तर काय बिघडणार, या हिशेबाने मी भराभर झुरके मारत राहिलो. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला आणि समोरची पाण्याची टाकी हळूच कलली.

कोपऱ्यात खाटेवर मित्राचे आबा तंबाखू मळत बसले होते. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "लागली व्हय रं?"

लागलीच होती. छातीत धूर न जाता ती कशी लागली, याचं उत्तर आबांच्या तळहातावरच होतं. चुना.

निकोटीन हा आम्लारी पदार्थ. आम्लधर्मी वातावरणात त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो आणि मग तो गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सहजी पार होत नाही. शाळेत शिकलेला सामू (pH; आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त) इथे कामाला येतो. सामू 6 असेल तर जेमतेम एक टक्का निकोटीन मोकळं, भाररहित असतं. 8 झाला की जवळपास निम्मं. म्हणून तंबाखूला चुना लागतो. तो सामू वर चढवतो, निकोटीन मोकळं होतं आणि गालातूनच रक्तात उतरतं.

सिगारेटची तंबाखू बहुतेक भट्टीच्या गरम हवेत वाळवतात. तिच्यात साखर उरते आणि धूर आम्लाकडे झुकतो, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारचं पान सावलीत सावकाश सुकतं. मग थप्प्या रचून आंबवतात. थप्पी आतून तापते, साखर संपते, अमोनिया सुटतो. या पानाच्या धुराचा सामू 8 च्या आसपास किंवा वरच. थोडक्यात, सिगारीत चुना आतूनच मळलेला असतो. फुप्फुसातून निकोटीन काही सेकंदांत मेंदू गाठतं. गालातून ते रमतगमत येतं. नवखा फसतो तो त्या रिकाम्या दहा मिनिटांत. आणि मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू मावू शकते.

मग व्हॅनिलाचं काम काय? जिभेला व्हॅनिला कळतच नाही. तोंडातला व्हॅनिलिनचा वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू ती चव समजतो. जिभेसाठी टोकाला गोडी चोपडलेली असते. दोघं मिळून कडवटपणा झाकतात. एरवी जी चव 'पुरे' म्हणाली असती, तिचंच तोंड बंद. निकोटीन मात्र तेवढंच राहतं, आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोकाही. तो धूर न ओढणाऱ्यालाही असतो.

घाम आणि लाळ यांचाही खुलासा आहे. ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या ज्या कुलपांना किल्ली लावतो, त्यांतली काही निकोटीननेही उघडतात. त्यामुळे लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी, आतडी सगळीच एकदम जागी होतात. मेंदूच्या बुडाशी रक्तातलं विष हुंगणारी एक जागा आहे. तिने हुकूम दिला की उलटी. निकोटीन कातडीतूनही शिरतं. तंबाखूची ओली हिरवी पानं हाताळणाऱ्या मजुरांना शेतात असंच गरगरतं.

आबांनी गूळ आणि तांब्याभर पाणी दिलं. गुळाने निकोटीन उतरत नाही. रक्तातलं निम्मं व्हायलाच त्याला साधारण दोन तास लागतात. पण मी मुकाट्याने खाल्ला.

मी टाकलेलं थोटूक आबांनी उचललं, सोलून हातावर चुरलं, हुंगलं.

"ह्यात आइस्क्रीम सांडलंय कुणी?" असं म्हणून त्यांनी ते कुंडीत झटकलं आणि चंची उघडली.